मधलं नाव

दर महिन्याच्या सात तारखेआधी
पाळी बदलून घेतो आणि भुसावळला जातो.
नशिराबाद, साकेगाव, वाघूरचा पूल.
मे महिन्यात गाडीचं हँडल धरवत नाही,
रुमाल गुंडाळावा लागतो.

कोर्टातली नाझरची खिडकी अकराला उघडते,
कधी साडेअकराला.
आत झोपेभाऊ, पानाचा डबा, शिक्के.
पहिल्या वर्षी मी भांडलो होतो त्यांच्याशी :
पोरगी दाखवत नाहीत, मग पैसे कशाचे?
ते म्हणाले, काय भो,
तिला भूक काय निकाल वाचून लागते?
आणि सुटे मागितले.

साडेतीन हजार.
मी चटईच्या कारखान्यात आहे, जळगावला.
डोळे मिटले तरी प्लास्टिकच्या पट्ट्या
उभ्या-आडव्या धावत राहतात.
हिशेब करून पाहिलाय :
महिन्यातले पहिले साडेसहा दिवस तिचे.
सातव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
मी माझ्यासाठी विणायला लागतो.

हक्क का गेला, तेही सांगतो.
सावद्याला, बाजाराच्या दिवशी,
दोन वर्षांच्या तिला गाडीवर बसवून
पाच मिनिटांसाठी आत गेलो.
कुठल्या दुकानातली पाच मिनिटं मोजता येत नाहीत
ते तुम्हाला कळलं असेल.
ती खाली उतरायला गेली. सायलेन्सर तापलेला.
केळीच्या गाडीवरचा एक हमाल
तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला.
मी बाहेर आलो तेव्हा गाडी होती
आणि एक चप्पल.

त्यानंतरही दोनदा पिऊनच भेटायला गेलो.
निकालात सगळं आहे, तारखांसकट.
'उजव्या पोटरीवर भाजल्याची खूण.'
वाचत गेलो आणि वाटलं,
या माणसाकडे मीही पोरगी दिली नसती.

आता पाच वर्षं झाली, पीत नाही.
त्याची पावती कुठल्या खिडकीवर मिळत नाही.

मिळते ती एवढीच, गुलाबी :
पोटगी, कु. देवश्री लीलाधर भारंबे.
फैजपूरच्या शाळेत, म्हणे,
वहीवर ती नुसतं देवश्री लिहिते.
हजेरीला बाई मधलं नाव घेत नाहीत.
म्हणजे जगात हा एकच कागद,
ज्यावर आम्ही दोघं अजून शेजारी बसतो,
मध्ये एका बोटाची जागा सोडून.

तिच्या आईनं दुसरं लग्न केलं.
माणूस बरा आहे, ठिबकच्या दुकानात हिशेब बघतो.
गावातल्या एकानं सांगितलं,
शाळेपाशी तो तिला गाडीवरून
डाव्या बाजूनंच उतरवतो.
त्या रात्री मी जेवलो नाही.
रागानं नाही. कशानं, ते माहीत नाही.

मार्चमध्ये त्यांच्या वकिलाचे कागद आले.
दत्तकाला संमती द्या.
तो तिला आपलं नाव देईल,
तुमची पोटगी त्याच दिवसापासून बंद.
चार पानं. माझ्या सहीच्या जागी
पेन्सिलीनं बारीकशी फुली.

आई कळण्याची भाकरी थापत होती.
म्हणाली, सुटला रे बाबा.
मग बराच वेळ तिनं भाकरी उलटलीच नाही.
घरभर जळका वास.

कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, लाइटबिलांखाली.
सही केली तर पोरीला एक आख्खं नाव मिळेल,
शाळेत कुणी काही विचारणार नाही.
नाही केली, तर मला पावती.
पैसे तिच्यासाठी भरतो की त्या ओळीसाठी,
हे रांगेत उभं राहून ठरत नाही,
आणि रांग इथे लांब नसते.

आज सहा तारीख.
झोपेभाऊ म्हणाले, अजून देतोस?
तुला तर सुटायची वाट दिलीय, म्हणे.
मी म्हटलं, हाव.
त्यांनी नोटा मोजल्या, रबर लावलं,
आणि हात दुखतो म्हणून
पावतीवर नुसतंच लिहिलं :
कु. देवश्री ली. भारंबे.

मी खिडकीतून बोट आत घातलं.
भाऊ, एवढं पूर्ण लिहा.